पप्पा थांबायचे ती जागा

आमच्या घरात वाजणारी एकही वस्तू नव्हती. कल्याण पूर्वेला चाळीतली एक खोली, वर पत्रे, आणि शेजारच्यांची टेप आमच्या सामाईक भिंतीला टेकलेली. त्यांनी लावली की आमच्याकडे गाणं. त्यांनी बंद केली की संपलं. भिंतीला काही 'परत लाव' म्हणून सांगता येत नाही. मला लहानपणची बरीच गाणी अर्धीच येतात, कारण शेजारची काकू मधेच टेप बंद करून भाजीला निघायची.

पप्पा डोंबिवलीला एमआयडीसीत रंगाच्या कारखान्यात होते. घरी येऊन पाय धुतले की मोरीत कधी निळं पाणी, कधी लाल. मला त्याची गंमत वाटायची, आईला कधीच वाटली नाही. तिकडच्या बाजूला धूर दिसला किंवा 'एमआयडीसीत काहीतरी झालंय' अशी बोंब चाळीत फिरली, की आई स्टोव्ह बंद करायची आणि गल्लीच्या तोंडाशी जाऊन उभी राहायची. मी तिचा पदर धरून. विचारायला फोन नव्हता. कोणाला विचारणार? बायका एकमेकींकडे न बघता उभ्या असायच्या, कारण बघितलं की रडू येतं.

मग कोपऱ्यावरून हाक यायची, "आलो गं!"

पप्पा दिसायच्या आधी ती हाक यायची. माणूस नंतर. आई तशीच वळून घरात जायची, स्टोव्ह पेटवायची आणि पप्पा आले की उगाच ओरडायची, "उशीर किती? भात गार झाला." भात टाकलेलाच नसायचा.

हाच आवाज वस्तीतल्या बुद्धविहारात वंदना घ्यायचा. आमच्यात एकजण पुढे बसून एकेक ओळ सांगतो, थांबतो, आणि मागे बसलेले सगळे ती ओळ म्हणतात. मग पुढची ओळ. पप्पा फार शिकलेले नव्हते, पण वंदना घ्यायला लोक त्यांनाच बसवायचे. लग्न असो, बारसं असो, मयत असो. घरघरीत, जड आवाज होता. लाऊडस्पीकर बंद पडला तरी शेवटच्या रांगेला ऐकू जायचा.

मी बी.कॉम. झाले. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. हे मी मुद्दाम सांगते आणि सांगताना लाजत नाही. ठाण्याला नोकरी लागली आणि पहिल्या पगारातून मी बटणांचा फोन घेतला, आत मेमरी कार्ड असलेला. त्याच वर्षी पप्पांच्या घशात गाठ निघाली. डॉक्टरांनी सरळ सांगितलं, जीव वाचेल, आवाज राहणार नाही.

दवाखान्यात भरती व्हायच्या आदल्या दिवशी पप्पा लोखंडी खाटेवर बसले आणि म्हणाले, "तुझ्या त्या फोनमध्ये आवाज भरता येतो ना? भर."

मी फोन त्यांच्या तोंडापुढे धरला. त्यांनी अख्खी वंदना म्हटली, त्रिशरणापासून शेवटापर्यंत. आवाज बसलेला. एक ओळ म्हणायचे, थांबायचे. परत एक, परत थांबायचे. मला वाटलं, दुखतंय, दम लागतोय. मी खाली फरशीकडे बघत राहिले. संपल्यावर ते म्हणाले, "मी असेपर्यंत हे वाजवायचं नाही हां. जिवंतपणी स्वतःचं भूत ऐकायला नको."

आम्ही वाजवलं नाही. ते पुढे खूप वर्षं जगले. आवाजाशिवाय. काही हवं असलं की चमच्याने स्टीलच्या ग्लासवर टकटक करायचे. पाण्यासाठी वेगळी टकटक, आईला बोलवायला वेगळी. माझ्या लग्नानंतर आम्ही बाळकुमला फ्लॅट घेतला, आई-पप्पांनाही तिथेच आणलं. गेल्या वर्षी ते गेले.

वर्ष होत आलं तेव्हा आई एकदा मेथी निवडत बसलेली. मान वर न करता म्हणाली, "मला त्यांचा आवाज आठवत नाही गं. आठवायला गेलं की ग्लासच वाजतो."

 मी तिथे उभ्या उभ्या आठवून बघितला आणि मलाही आला नाही. 'आलो गं' हे शब्द आठवत होते, पण ते माझ्याच आवाजात.  माणूस गेल्याचं दुःख मी केलं होतं. आवाजही असा आतून निघून जातो, हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

आईने तेवढ्यात ठरवूनही टाकलं. पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे पप्पांच्या वर्षाच्या स्मरणाच्या, कार्यक्रमाला जे बौद्धाचार्य येणार होते, त्यांना फोन लावून म्हणाली, "बाकीचं तुम्ही बघा गुरुजी, पण वंदना हेच घेणार. त्यांच्या आवाजात भरलेली आहे."

पलीकडून ते म्हणाले, "ठीक आहे ताई. पण ऐनवेळी वाजलं पाहिजे हां. लोक बसवून ठेवू नका."

जुन्या फोनमधलं ते मेमरी कार्ड माझ्या दागिन्यांच्या डबीत, कापसात होतं. लॅपटॉपला लावलं तर तो म्हणाला, यात काही दिसत नाही, कार्ड कोरं करू का? नवऱ्याचा हात सवयीने 'हो'कडे गेला. मी त्याचं मनगट असं पकडलं की तो कळवळला.

"अगं, मी फक्त बघत होतो!"

"हाताने बघू नकोस."

मग त्यानेच खोडरबर आणलं आणि कार्डाच्या पितळी पट्ट्या हळूहळू घासल्या. लावलं. दिसलं. एकच फाइल. मी ती लॅपटॉपवर उतरवून घेतली आणि कानाला हेडफोन लावले. आधी पंख्याची घरघर, मग पप्पा, "झालं का गं चालू?" मी लगेच बंद केलं. पुढे ऐकायची हिंमत झाली नाही. असू दे, म्हटलं, आवाज आहे एवढं बस. ही चूक मला पुढे महागात पडणार होती.

आमच्या हॉलमधला स्पीकर घरच्या वायफायवर चालतो. फोनमधलं, लॅपटॉपमधलं गाणं त्याच्याकडे पाठवायचं, तो वाजवतो. हजार गाणी त्याने वाजवलीत. लॅपटॉपवरून पप्पांची फाइल पाठवली तर नुसता एक निळा दिवा लुकलुकला आणि विझला. टीव्हीवर बघितलं, तिथे यादीत ती फाइल दिसतच नव्हती. जणू नाहीच.

नवरा म्हणाला, "शेपूट बदलून बघ. एमपीथ्री लिही."

मी एका प्रतीचं नाव बदलून शेवटी एमपीथ्री लिहिलं. टीव्हीच्या यादीत नाव आलं. मला घाम फुटला आनंदाने. बटण दाबलं, टीव्ही बराच वेळ गोल गोल फिरवत बसला आणि म्हणाला, ही फाइल चालवता येत नाही. पाटी बदलून दुकानातला माल बदलत नाही, एवढं तर मला बी.कॉम.ला शिकवलेलं.

मग मी शोधायला बसले. त्या जुन्या फोनात आवाज एका वेगळ्याच पद्धतीने भरला जायचा, फक्त बोलण्यापुरता, कमीत कमी जागेत. नव्या यंत्रांना ती पद्धत ठाऊकच नाही. म्हणजे फाइल खरोखरच आतून बदलून घ्यायला हवी. कुठल्यातरी अनोळखी वेबसाइटवर पप्पांचा आवाज चढवायचा मला धीर होईना. कोण जाणे कुठे जाईल. लॅपटॉपवर एक साधा प्रोग्राम उतरवला आणि फाइल बदलून घेतली. लॅपटॉपवर नीट वाजली. मी खुशीत टीव्हीला पाठवली आणि आईला हाक मारली, "आई, ये. पप्पा."

आई पीठ भरल्या हातांनीच आली. टीव्हीतून आवाज आला. चिरका, भरभर, उंदरासारखा. एखादं पोर नाक दाबून नक्कल करतंय तसा.

आईच्या तोंडावरचा रंग उतरला. "हा कोण?"

"पप्पाच आहेत, फक्त..."

"बंद कर. बंद कर आधी!" तिने पिठाचे हात कानांवर ठेवले. "खरा आठवत नाही, त्यात हा डोक्यात बसला तर मी काय करू?"

तेव्हापासून माझी खरी भीती सुरू झाली. तोपर्यंत वाटत होतं, वाजलं तर वाजलं, नाही तर बौद्धाचार्य आहेतच. आता कळलं की चुकीचं वाजणं हे न वाजण्यापेक्षा वाईट. आईच्या मनात पप्पांच्या आवाजाची जागा रिकामी होती, आणि तिथे मी काय नेऊन ठेवते यावर सगळं होतं. पुसून परत लिहिता येईल अशी ती जागा नव्हती. त्या दिवसापासून मी हेडफोन लावूनच काम केलं. आई हॉलमध्ये आली की लॅपटॉप मिटायचे. ऑफिसमध्ये हिशेब जुळवताना मधेच कानात तो उंदीर चिरकायचा आणि माझा हात थांबायचा.

कारण सापडलं. जुन्या फोनने एका सेकंदात आवाजाचे जेवढे तुकडे घेतले होते, ते आमच्या टीव्हीच्या हिशेबाने फारच थोडे होते. टीव्ही ते आपल्या सवयीच्या वेगाने पळवत होता. फाइल बदलताना तो आकडा वाढवून घ्यायचा, नेहमीच्या गाण्यांना असतो तेवढा. मी वाढवला. त्याच पानावर खाली आणखी दोन खुणा होत्या: घरघर काढून टाका, मोकळ्या जागा काढून टाका.

मी दोन्हींवर टिक केली. खरं सांगायचं तर मी ते प्रेमाने केलं. कार्यक्रमाला सासरचे लोक येणार होते, माझ्या ऑफिसचे, सोसायटीतले. त्या सगळ्यांपुढे माझे पप्पा ओळीओळीला दम घेतात, दुखलं म्हणून थांबतात, हे मला ऐकवायचं नव्हतं. त्यांनी आयुष्यभर शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचवला होता. माझ्या घरात त्यांची कीव कोणी का करावी? फाइल तयार झाली. स्वच्छ, सलग. हेडफोनवर सुरुवातीच्या दोन-चार ओळी ऐकल्या, वेग बरोबर, आवाज खरा. 

कार्यक्रम रविवारी. शनिवारी सकाळी मी आईला हॉलमध्ये बसवलं आणि स्पीकरवर लावलं.

"झालं का गं चालू?" पप्पा म्हणाले.

"झालं, झालं," आई म्हणाली. इतक्या पटकन, जसे ते आतल्या खोलीत आहेत. तिचे डोळे भरले. तिने पदर डोक्यावर घेतला, हात जोडले. पप्पांनी पहिली ओळ म्हटली. आईने ती म्हणायला तोंड उघडलं, तोवर पप्पा दुसरीवर. आईने पहिली सोडून दुसरी धरली, तर ते तिसरीवर. ती मागे मागे धावत होती. जोडलेले हात सुटले. तिने माझ्याकडे बघितलं, आणि लहानपणी गल्लीच्या तोंडाशी बघितलेला तोच चेहरा मला दिसला.

"ते थांबत का नाहीत? असे कधी नाही करायचे. आम्हाला सोडून पुढे कधी नाही जायचे."

 दम नव्हता तो. दुखणं नव्हतं. ते आमच्यासाठी थांबत होते. त्या खाटेवर, बसलेल्या घशाने, समोर मी एकटी असताना, ते मागे माणसं बसलीत असं धरून ओळीओळीला जागा सोडत गेले होते. आम्ही पुढे कधीतरी ती ओळ म्हणू म्हणून. आणि मी ती जागा कापून टाकली होती.

"थांब, मी मूळची लावते," म्हटलं आणि लॅपटॉप उघडला. मूळ फाइल नव्हती. नाव बदललेली प्रतही नव्हती. पहिली उंदीरवाली मी स्वतःच रागाने पुसली होती. त्या प्रोग्रामात आणखी एक खूण आधीपासून टिक केलेली होती, काम झालं की जुनी फाइल काढून टाकायची. पहिल्यांदा मूळ गेली, दुसऱ्यांदा प्रत. मी वाचलंच नव्हतं.  कार्ड लावलं. दिसेना. खोडरबर घासलं, लावलं. दिसेना. परत. नवऱ्याने दुसरा रीडर आणून बघितला. कार्ड कोरं करू का, लॅपटॉप विचारत राहिला.

आई आतून म्हणाली, "नसेल होत तर राहू दे गं." ती ज्या आवाजात म्हणाली, तो ऐकवत नव्हता. मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला आणि तिथेच बसले.

दुपारी खडवलीहून मावशी आली, आईची धाकटी बहीण. दुसऱ्या दिवशीच्या भाकऱ्यांना हात लावायला. दारातच चपला काढता काढता म्हणाली, "काय गं, सुतक आजच धरलंस काय? तोंड बघ."

मी सगळं सांगितलं. तिने कमरेला खोचलेला फोन काढून टीपॉयवर ठेवला, हात पुसायला. रबरबँडने बांधलेला, बटणांवरचे आकडे पुसलेले. मी बघतच राहिले. तो माझा फोन होता, पहिल्या पगाराचा. मी नवा घेतला तेव्हा मावशीला दिलेला. मी पार विसरलेले.

"मावशी, तू अजून हाच वापरतेस?"

"मग? पडला, भिजला, बैलाने तुडवला, तरी वाजतो. तुमचे काचेचे फोन नुसते पुसायला."

हेच कार्ड याच फोनात भरलं होतं. मी रबरबँड काढला. बॅटरीशेजारच्या खाचेत कार्ड सरकवताना ते दोनदा खाली पडलं. फोन चालू केला.  यादी उघडली. एक फाइल. मी दाबायच्या आधी आईकडे बघितलं. ती दारात उभी होती, आत येत नव्हती.

पंख्याची घरघर. "झालं का गं चालू?"

मग पहिली ओळ. मग शांतता, नुसता आमच्या चाळीतला पंखा. त्या शांततेत आईने दारातूनच ती ओळ म्हटली. पप्पांनी दुसरी सांगितली.

मावशी नाक ओढत म्हणाली, "दाजी हायेत की गं. अगदी तेच हायेत." आणि लगेच, "एवढी बी.कॉम. झालीस आणि माझ्या डबड्यातून काढावं लागलं होय!"

"मीच घेतलेलं डबडं आहे ते," मी म्हटलं. तेवढा अभिमान मी सोडणार नव्हते.

ब्लूटूथने ती फाइल लॅपटॉपवर घेतली. पाठवताना रेघ मधेच अडकली तेव्हा कोणी श्वास घेतला नाही. आली. आधी तिच्या प्रती केल्या, पेन ड्राइव्हवर, नवऱ्याच्या फोनवर, माझ्या मेलवर. त्यानंतरच बदलायला घेतली. तुकड्यांचा आकडा वाढवला, बाकी सगळ्या खुणा काढल्या, घरघरसुद्धा तशीच ठेवली.

तरी रविवारी मी घाबरलेलेच होते. हॉल भरला. पांढऱ्या साड्या, पांढरे शर्ट, पप्पांच्या फोटोपुढे मेणबत्त्या आणि फुलं. बौद्धाचार्य बाजूला सरकून बसले आणि मला डोळ्यांनी खुणावलं. एक धास्ती नवऱ्याने आदल्या दिवशी माझ्या डोक्यात घातलेली: आमचा स्पीकर फाइलमधून जरा वेळ काही आवाज आला नाही की आपोआप झोपतो, आणि जागा होताना पहिला शब्द गिळतो. पप्पांनी एवढी जागा सोडलीय, त्यात तो झोपला तर?

पप्पांनी पहिली ओळ सांगितली आणि थांबले. माझी नजर स्पीकरच्या निळ्या दिव्यावर. लोक म्हणायला लागले, आधी चार-दोन, मग सगळा हॉल. त्यांच्या आवाजाखाली मला तो पंखा ऐकू येत होता, कल्याणच्या खोलीतला, जो मी आधी काढून टाकला होता. तो फिरत होता म्हणून दिवा विझला नाही. पप्पांनी दुसरी ओळ सांगितली, पहिल्या शब्दासकट.

आई पुढच्या रांगेत होती. ती आता धावत नव्हती. पप्पा थांबले की ती म्हणत होती.

त्या रविवारी आमच्या बाळकुमच्या घरात पप्पांनी वंदना घेतली आणि आम्ही सगळ्यांनी ती शेवटपर्यंत म्हटली. आता ती फाइल स्पीकरवर वाजते, टीव्हीवर वाजते, आईच्या फोनवर वाजते. आईला त्यांचा आवाज आठवतो.